यादीतली न सापडणारी वस्तू

२ ऑक्टोबर

आलो एकदाच्या. सामान तसं फार नव्हतं, पण दोन जिने चढवताना प्रत्येक खोक्याने आपलं वजन दाखवलं. खोक्यांच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या बाईच्या घरची निम्मी खोकी तळातून फाटावीत, यावर टिल्लू इतकी हसली की तिला उचकी लागली. टिल्लू म्हणजे माझी लेक. वय सात. पुढचे वरचे दोन दात गेल्या महिन्यात पडलेत, त्यामुळे हसली की खिडकी उघडल्यासारखी दिसते.

घर छान आहे. दोन खोल्या, लांबोडकं स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी. खिडकीचा कट्टा एवढा रुंद की टिल्लूने तिथेच आपलं बिऱ्हाड थाटलं. घरमालकीणबाई खाली राहतात. तोंडाने फटकळ पण मनाने बऱ्या वाटल्या. शाळा सुटल्यावर मी येईपर्यंत टिल्लूने त्यांच्याकडे बसायचं असं ठरलं. त्यांनी तिला विचारलं की खोड्या करतेस का गं, तर ही म्हणाली, करते, पण सांगून करते. बाई हसल्या. म्हणजे जमलं म्हणायचं.

हे जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघीच. आता या वहीत रोज सकाळी चहाबरोबर चार ओळी लिहायच्या आणि आदल्या दिवसाचं पान वाचायचं, असं ठरवलंय. दादाचा फोन आला होता. नव्या गावात रडत बसू नकोस म्हणाला. नाही बसणार.

६ ऑक्टोबर

कारखान्यात माझं काम नमुन्याचं. गिऱ्हाईक माप सांगतं, मी त्या मापाचा पुठ्ठा हाताने कापते, घड्या घालते, कडा जुळतात का बघते आणि मगच तो यंत्राकडे जातो. स्वतः घडी घालून पाहिल्याशिवाय मी काहीही पुढे सोडत नाही. आधीच्या नोकरीत या सवयीला सगळे वैतागायचे. इथे मॅनेजरबाईंनी पाठ थोपटली.

पाठ थोपटली आणि लगेच काम गळ्यात घातलं. दर एकतीस ऑक्टोबरला कारखान्यात हॅलोविनची पार्टी असते, सगळे मुलाबाळांसकट येतात. पार्टीतला मुख्य खेळ म्हणजे फोटोंची शोधाशोध. प्रत्येक टीमला एक यादी मिळते. यादीतल्या वस्तू कारखान्यात आणि आसपासच्या रस्त्यांवर शोधायच्या आणि चार ते सहा या दोन तासांत त्यांचे फोटो काढून आणायचे. सहाला घंटा, खेळ संपला. यादी करायचं काम सगळ्यात नव्या माणसाचं. नवा गडी, नवं राज्य. मी हो म्हणून टाकलं. टिल्लूला सांगितलं तेव्हा ती कट्ट्यावरून उडी मारून खालीच आली.

८ ऑक्टोबर

कोठीवाले काका म्हणजे कारखान्याचा चालताबोलता इतिहास. त्यांनी मागच्या सगळ्या पार्ट्यांच्या याद्या काढून दिल्या आणि एक रीत समजावली.

यादीत दहा वस्तू खऱ्या असतात. अकरावी मात्र जगात नसलेली. फार पूर्वी एका टीमने अर्ध्या तासात सगळं शोधून आणलं, बाकीचे रुसले आणि पार्टीचा विचका झाला. तेव्हापासून अकरावी वस्तू अशी लिहायची की कुणालाच सापडू नये आणि घंटा होईपर्यंत सगळे पळत राहावेत. ‘काल इथे नसलेला जिना.’ ‘आवाजाची सावली.’ असं काहीबाही. आजवर एकाही टीमला अकरावी सापडलेली नाही, हे काकांनी अभिमानाने सांगितलं.

यादी पंधरवडाभर आधी वाटतात. वस्तू हेरून ठेवायला सगळ्यांना मुभा असते, फोटो मात्र त्याच दिवशी काढायचा. यादी करणाऱ्याने दहा वस्तूंचे फोटो आधी काढून उत्तरपत्रिकेवर चिकटवायचे, अकरावा चौकोन कोरा सोडायचा आणि पाकीट बंद करून काकांच्या कपाटात ठेवायचं. अकरावा कोराच, हे काकांनी दोनदा सांगितलं.

१२ ऑक्टोबर

रविवार. टिल्लूला घेऊन रिकाम्या कारखान्यात गेले आणि सगळी यादी स्वतः करून पाहिली. तीन पायांची खुर्ची, खरं कोळ्याचं जाळं, जोडीदार हरवलेला हातमोजा, भोपळ्यापेक्षा मोठं डोकं असलेला माणूस. हा शेवटचा म्हणजे रखवालदार. डोक्याला फेटाभर कागद गुंडाळून तो हौसेने उभा राहिला. टिल्लूने प्रत्येक वस्तूचं माप घेतल्यासारखी चेहऱ्यासमोर बोटांची चौकट धरली. फार दिवसांनी मी मोठ्याने हसले.

अकरावी वस्तू मला आंघोळ करताना सुचली. पार्टीला सगळे बाळगोपाळ आईबापांचं बोट धरून येणार. म्हणून लिहिलं: ‘कुणाचंच नसलेलं मूल’. सापडेल कसं? फोटो काढायला जाल तर आई धावत येईल.

उत्तरपत्रिका तयार झाली आणि तो अकरावा कोरा चौकोन डोळ्यांत खुपायला लागला. करून पाहिल्याशिवाय सोडायचं नाही ही माझी सवय, आणि सवयीला औषध नाही. टिल्लूला मागच्या भिंतीशी उभं केलं, अंगावर पांढरी चादर दिली, म्हटलं चेहरा पाड, तू कुणाचीच नाहीस. तिने विचारलं, पण मी तुझी आहे ना? म्हटलं, खेळापुरती नाहीस. कधीपर्यंत, असं तिने विचारलं. तर म्हटलं, एकतीस तारखेची घंटा होईपर्यंत. तिने विचार केला आणि बरं म्हणाली. फोटो असा आला की मलाच गलबलून आलं. चौकोनात बसवला, खाली लिहिलं, ‘कुणाचीच नाही’. काकांना घंटेनंतर कळेल तेव्हा ते काय म्हणतील याची मजा वाटली.

१४ ऑक्टोबर

पाकीट बंद केलं, वर सही केली, काकांकडे दिलं. दहा टीमना दहा याद्या वाटल्या. मॅनेजरबाईंना अकरावी फार आवडली. जेवणाच्या सुट्टीत सगळे तोच विषय काढत होते.

१६ ऑक्टोबर

काल घरमालकीणबाईंनी विचारलं की एवढं मोठं घर तुम्हाला एकटीला अंगावर येत नाही का. मला वाटलं चेष्टा. म्हटलं, एकटी कुठली, ही भवानी आहे ना. तेव्हा टिल्लू त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून चित्र काढत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हो, ही येते अधूनमधून, गोड आहे, कुठे राहते कोण जाणे.

वय झालंय त्यांचं. टिल्लूला घेऊन वर आले.

१८ ऑक्टोबर

शाळेतून बोलावणं आलं. तिथे गेले तर बाईंनी हजेरीपट दाखवला. टिल्लूचं नाव आहे, वाढदिवस आहे, पालकांचा रकाना कोरा. मी स्वतः भरला होता, शाई गळून बोटांना लागली होती. बाईंना सांगितलं की मी आई. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या की तुम्ही एवढी काळजी घेताय हे चांगलं आहे, पण घरचं कुणी आलं तर बरं होईल.

मी भांडले. रकाना त्यांच्यासमोर पुन्हा भरला, दाबून भरला. वर्गाच्या दारातून वळून पाहिलं तर रकाना पुन्हा कोरा, रबर न लावताच पुसल्यासारखा, आणि बाई त्याच्याकडे बघत होत्या.

१९ ऑक्टोबर

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने विचारलं, टिल्लू कोण?

ती जन्मली तेव्हा हे परगावी होते. दवाखान्यात तिला पहिल्यांदा उचललं ते दादाने. दोन तास खाली ठेवली नाही, वहिनी ओरडेपर्यंत. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, अगं, तुला मूल नाही. आणि मग रडायला लागला, माझ्यासाठी. मी फोन ठेवला.

टिल्लू कट्ट्यावर पाय हलवत बसली होती. मामाने काय सांगितलं असं तिने विचारलं. म्हटलं, पापा सांगितलाय.

२१ ऑक्टोबर

दादाला पाठवायला फोनमधले फोटो काढून बसले. बागेतला फोटो. मी तिला कडेवर घेतलंय, तो. आता त्यात ती खाली उभी आहे, हातभर लांब, कुणाच्या तरी फोटोत चुकून आल्यासारखी. माझा हात रिकामाच वाकलेला. सगळे बघितले. सगळ्यांत असंच. एकाही फोटोत मी तिला धरलेलं नाही.

हे मी केलंय. मीच तिला भिंतीशी उभं केलं.

२२ ऑक्टोबर

काका पाकीट देईनात. घंटेआधी उघडायचं नाही, चाळीस वर्षांची रीत आहे म्हणाले. ते जेवायला गेल्यावर कपाटातून काढलं. फोटो तिथेच होता, खाली माझं अक्षर. फाडला, बारीक तुकडे केले आणि रद्दी दाबायच्या यंत्रात टाकले. यंत्र फिरून थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले.

घरी येताना घरमालकीणबाईंच्या दारात थांबले. टिल्लूला घ्यायला आलेय म्हटलं. त्यांनी विचारलं, तुम्हाला कशाला हवीय ती?

२३ ऑक्टोबर

फोटोत काही नव्हतं. जे आहे ते यादीत आहे. दहा टीम रोज शोधतायत, आणि शोधायचं म्हटलं की सापडायलाच हवं.

दहाही याद्यांवरची अकरावी ओळ खोडायला निघाले. मॅनेजरबाई हो म्हणाल्या, कुणाला सापडतंय नाहीतरी. पण पॅकिंगच्या बायका यादी देईनात. म्हणाल्या, खोडू नका बाई, आम्हाला मिळालंय. तुमच्याच रस्त्यावर, वरच्या मजल्याच्या खिडकीत एक पोर बसलेली असते. चौकशी केली, कुणाचीच नाही. आणखी दोन टीमनाही ठाऊक आहे, आता पहिलं कोण गाठतं ते बघायचं.

मी ओरडले, ती माझी आहे. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. चांगल्या बायका आहेत. म्हणाल्या, असं बोलून आम्हाला फसवायचं नाही हां.

पण एक आहे. फोटो त्याच दिवशी चार ते सहामध्येच काढायचा. सहाची घंटा होईपर्यंत कुणी तिचा फोटो काढला नाही, तर खेळ संपेल आणि ती पुन्हा माझी; काढला, तर ती कायमची कुणाचीच नाही. मी तिला घंटेपर्यंतच सांगितलं होतं. तोवर तिला जपायचं. आठ दिवस.

२५ ऑक्टोबर

तिला घरमालकीणबाईंकडे ठेवणं बंद केलंय, शाळेतून मीच आणते. काल आणायला विसरले.

उशीर नाही झाला. विसरले. घरी आले, चहा केला, एकीचाच केला. बरं वाटत होतं, शांत. मग दार वाजलं. दारात एक मुलगी. पूर्ण एक क्षण मला वाटलं, कुणाची —

तिने ते माझ्या तोंडावर वाचलं. रडली नाही. आत येऊ का म्हणून विचारलं.

२६ ऑक्टोबर

टिल्लू माझी आहे. वय सात. वरचे दोन दात नाहीत. उजव्या कानामागे तीळ. झोपताना माझं कोपर धरते. टिल्लू माझी आहे. रोज सकाळी चहाआधी हे वाचायचं.

तिला सगळं आठवतंय. तेच बघवत नाही. आता पाणी पिऊ का म्हणून विचारते. माझ्या घरात.

२८ ऑक्टोबर

पळून जायचं ठरवलं. सकाळची बस. तिला स्टँडवरच्या बाकावर बसवलं, म्हटलं हलू नकोस, पाण्याची बाटली घेऊन येते.

बस सुटली. खिडकीशी बसले होते, वारा छान होता. मांडीवर एक लहान दप्तर. कुणाचं म्हणून उघडलं — रंगीत खडू. दातांची डबी. दोन छोटे दात.

ओरडून बस थांबवायला लावली. धावत आले, किती धावले माहीत नाही. ती बाकावर. हलली नव्हती. मी सांगितलं होतं ना म्हणून.

आता प्रवास नको. तिला परत कुठे सोडलं तर —

२९ ऑक्टोबर

वाचलं. तीनदा वाचलं तेव्हा आठवलं. काल एकदा वाचून आठवलं होतं.

खाली रस्त्यावर माणसं. वर बघतात, हसतात, हात करतात. पडदा लावला. तिला कट्ट्यावरून उतरवलं. बस गं माझ्याजवळ. जवळ बसली, पण मधे जागा ठेवून.

मी बोलावलं तर येते. आपणहून नाही येत आता.

३० ऑक्टोबर

वाचतेय आणि हे कुणी लिहिलं असं वाटतं. अक्षर माझं.

उद्या सहापर्यंत. बाहेर पडायचं नाही. दाराला कुलूप, किल्ली तिच्याकडे. माझ्याकडे नाही. तिला सांगितलं, मी मागितली तरी द्यायची नाही. रागावले तरी नाही. ती म्हणाली, पण तू रागावलीस तर?

सहाची घंटा. मग खेळ संपला. मग ती माझी.

उद्या उठल्या उठल्या हे वाच. चहाआधी. चहाआधी वाच —

३१ ऑक्टोबर

सकाळीच मॅनेजरबाईंचा फोन आला, दिवे लावायला माणूस कमी, लगेच या. चहालाही वेळ मिळाला नाही, वही पिशवीत टाकली आणि निघाले. पण दाराची किल्ली सापडेना. घरात एक मुलगी होती, घरमालकीणबाईंच्या ओळखीची असावी, तिच्या मुठीत निघाली. दोनदा नाही म्हणाली. शेवटी आवाज चढवला, तेव्हा दिली. पोरांचे लाड फार झालेत. मागे मागे इथपर्यंत आली.

आता पावणेसहा. पायऱ्यांवर बसून लिहितेय. पार्टी मस्त झाली. भोपळे, कागदी वटवाघळं, सगळं जागच्या जागी. पॅकिंगच्या टीमला एक माणूस कमी होता, म्हणून त्यांनी मला घेतलं. आमच्या दहाही वस्तू झाल्या. फक्त अकरावी राहिलीय, आणि तीही मिळाल्यासारखीच. तीच मुलगी. मागच्या भिंतीशी आपणहून उभी राहिली होती. सगळ्यांना विचारून आले, कुणाची आहे ही, कुणीच ओळखत नाही. रीत मोडणारी पहिली टीम आमची. काका कपाळाला हात लावून बसलेत. फोटो मीच काढायचा असं ठरलंय, माझा हात स्थिर म्हणून.

घंटेला पाच मिनिटं. ती येऊन बाजूला उभी राहिलीय. रडतेय. मला आई म्हणतेय. घाबरली की मुलं कुणालाही आई म्हणतात, वाईट वाटतं. कुणी सोडलं असेल हिला असं?

वहीचा कोपरा धरलाय तिने. एकच पान मागे उलट म्हणते. एकच. वाचायला येतं तिला — हुशार आहे — तिकडून हाका मारतायत, दोन मिनिटं राहिली, दोन — माझं कोपर धरलंय, सोडत नाही, काय ओळखीचं वाटलं एकदम — उलटते बाई, उलटते, रडू नकोस, आधी फोटो काढते, मग